पावसाळ्याआधी गावाची यादी कशी करायची: कुठलं घर बुडेल आणि कुठला माणूस खचेल

मे महिना लागला की आमच्याकडं कृष्णाकाठी ग्रामपंचायतीत पूर नियोजनाची मीटिंग होते. बोटी किती, लाईफ जॅकेट किती, जनावरं कुठं न्यायची, शाळेची चावी कुणाकडं, सगळं लिहिलं जातं आणि ते चांगलंच आहे. पण त्या कागदावर माणसं फक्त आकड्यात असतात, बाधित कुटुंबं इतकी, लोकसंख्या इतकी. त्या आकड्यातली कुठली माणसं पाणी दारात आलं तरी घराबाहेर पडणार नाहीत, कुणाच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी संपणार, आणि पाणी ओसरून तीन महिने झाले की कुणाच्या घरी दर दोन दिवसांनी कुणीतरी डोकावायला पाहिजे, हे त्या कागदावर कुठंच नसतं.

मानसिक आरोग्यवाल्यांची यादी वेगळी, ती आशाताईंकडं नाहीतर जिल्हा रुग्णालयात, आणि आपत्तीवाल्यांची वेगळी, ती तलाठ्याकडं, आणि या दोन याद्या एकमेकींना कधी भेटतच नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की यादी एकच करा, कारण बहुतेक वेळा माणसं तीच असतात. कशी करायची ते खाली लिहितोय. उदाहरणं जास्त करून सांगली-कोल्हापूरच्या महापुराची आहेत कारण तेच जवळून बघितलंय, पण डोंगराखालच्या वाड्यांसाठी आणि उन्हासाठी पण थोडं लिहिलंय.

आधी कधी आणि कुणी

एप्रिलचा शेवट ते मे संपेपर्यंत. जून लागला की पेरणीची घाई सुरू होते आणि कुणी बसून बोलत नाही, आणि नदी पात्राबाहेर आल्यावर तर यादी करायची सोयच नसते. दोन माणसांची जोडी करा, एक नदी ओळखणारा (जुना कोळी, नावाडी, पोलीस पाटील, नदीकाठी मळी म्हणजे गाळाचं रान असलेला शेतकरी, कुणीपण) आणि एक घरात आतपर्यंत जाता येणारी बाई, म्हणजे आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा बचत गटाची अध्यक्ष. नुसते पुरुष गेले तर ओसरीवरच चहा पिऊन परत येतात, आणि आतल्या खोलीत कोण झोपून आहे ते कळतच नाही.

घर बघताना

पहिलं काम सोपं आहे. जुन्या पुराच्या खुणा शोधा. २००५, २०१९, २०२१, या तिन्ही पुरांच्या खुणा बऱ्याच गावांत देवळाच्या भिंतीवर, शाळेच्या खांबावर, कुणाच्या तरी जोत्यावर आहेत. नसतील तर म्हाताऱ्या माणसांना विचारून ऑइल पेंटनं काढून घ्या. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, जुनी खूण म्हणजे पाण्यानं मान्य केलेली हद्द नव्हे. २०१९ ला किती माणसं याच हिशोबानं घरात बसून राहिली, "२००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, यंदा पण पायरीपर्यंतच येईल", आणि पाणी माळ्यापर्यंत गेलं. म्हणून घरात विचारताना "मागच्या वेळी पाणी कुठवर आलं" एवढंच विचारू नका, "यंदा किती आलं की तुम्ही निघणार" ते पण विचारा. ज्याचं उत्तर "आम्ही नाही निघत" असं येईल त्याच्या नावापुढं तिथंच खूण करा, आणि कारण काय ते पण लिहा, कारण बहुतेक वेळा ते पाण्याचं नसतं, दुसरंच काहीतरी असतं. गोठ्यात दोन म्हशी आहेत, घरात अंथरुणाला खिळलेली आई आहे, मागच्या वेळी छावणीत असताना चोरी झाली, नाहीतर पोरगा असा आहे की लोकांत नेला की ओरडतो आणि लोक हसतात. हे शेवटचं कारण लोक स्वतःहून सांगत नाहीत, त्यामुळं थांबून ऐकावं लागतं.

दुसरं, आपल्या गल्लीचा हिशोब पुलाच्या आकड्याशी जोडून ठेवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. हे आकडे पावसाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत असतात, पण आपल्या ओढ्यात पाणी मागं कधी फुगतं, गावाबाहेर जायचा रस्ता किती फुटाला बंद होतो, दलित वस्तीची पहिली चार घरं किती फुटाला जातात, हे गावातच कुणालातरी माहीत असतं आणि त्याच्या डोक्यातच राहतं. ते लिहून काढा. घर बुडायच्या आधी रस्ता बुडतो, हे विसरायचं नाही. उंचावर असलेल्या घराला "सुरक्षित" म्हणून सोडून देतात, पण चार दिवस चारी बाजूनं पाणी असेल आणि घरात इन्सुलिन घेणारा माणूस असेल तर त्या उंच घराचा काय उपयोग.

पूररेषेबद्दल पण थोडं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी रेषा असते, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येईल एवढा पूर, आणि लाल रेषा, म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल एवढा. लोकांना वाटतं एकदा येऊन गेला की आता २५ वर्षं निवांत. तसं नसतं, हा शक्यतेचा हिशोब आहे, दर वर्षी नव्यानं लागू होतो. २०१९ नंतर २०२१ ला परत आलाच की.

डोंगराखाली राहणाऱ्यांनी वेगळं बघायचं. माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, तिन्ही दरडी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या, तिन्ही दिवसचे दिवस पाऊस पडून डोंगर भिजल्यावरच्या. आणि इर्शाळवाडी तर सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, म्हणजे यादीत नाव नाही म्हणून निवांत राहायचं कारण नाही. उतारावर नव्या भेगा, जुन्या भेगा रुंद होणं, विजेचा खांब किंवा झाडं खालच्या अंगाला कलणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ येणं किंवा जिथं कधी नव्हता तिथं झरा फुटणं, घराची दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं, जमिनीला तडा जाणं. यातलं काहीपण दिसलं तर तहसीलदाराला कळवा आणि जोराच्या पावसात रात्री त्या घरात झोपू नका, बस. आदिवासी वाड्यांवर हे सगळं जुन्या लोकांना कळतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

माणूस बघताना

इथं जरा वेळ लावायचा, कारण घर दिसतं, माणूस दिसत नाही.

सुरुवात औषधाच्या पिशवीपासून करा. "घरात कुणाला मानसिक आजार आहे का" असं विचारलं की दार बंद, लोक म्हणणार नाही बाबा आमच्यात तसलं काही नाही. "घरात रोजच्या गोळ्या कुणाला चालू आहेत, बघू पिशवी" असं विचारलं की बीपीच्या, शुगरच्या, फिटच्या आणि झोपेच्या सगळ्याच निघतात, कुणाला कमीपणा वाटत नाही. गोळ्या किती दिवसाच्या शिल्लक असतात आणि कुठून आणतात ते लिहा. जून ते सप्टेंबर किमान पंधरा दिवसाच्या गोळ्या जास्तीच्या असाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये. यातल्या काही गोळ्या एकदम बंद झाल्या तर फार घोळ होतो. फिटच्या किंवा रोजच्या झोपेच्या गोळ्या अचानक तुटल्या तर फिट येऊ शकते, स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या) तुटल्या तर काही दिवसांत-आठवड्यांत आजार उसळतो आणि नेमका छावणीत उसळतो, जिथं दोनशे माणसं एका हॉलमध्ये आहेत.

उन्हाचा विषय इथंच येतो, कारण आपण यादी मे महिन्यात करतोय. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि अंगाचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते, त्यामुळं असा माणूस उन्हात लवकर आजारी पडतो, आणि लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउताराच्या आजाराची गोळी) घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की औषध रक्तात वाढून विषारी होऊ शकतं. म्हणून विदर्भात अकोला, चंद्रपूर, नागपूरच्या बाजूला तर ही यादी पुराच्या आधी उन्हाळ्यासाठीच करायला पाहिजे. उलटी, हातपाय थरथरणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं दिसलं तर लगेच दवाखाना, आणि उन्हाच्या भीतीनं गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

दारूचं पण लिहून ठेवा, लाजायचं काय त्यात. रोज भरपूर पिणारा माणूस छावणीत आला, दारू मिळाली नाही, की पहिल्या-दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, आणि दोन ते चार दिवसांत काहीजण भ्रमिष्टासारखं करतात, नाही ती माणसं आणि किडे दिसायला लागतात, फिट येते. लोक म्हणतात "नाटकं करतोय" किंवा "बाहेरचं झालंय" आणि कुणीतरी लिंबू उतरवतं. तो माणूस दगावू शकतो, १०८ ला फोन करायचा.

आता ज्यांना गोळ्या नाहीत, निदान नाही, काहीच नाही, पण जे पहिल्यांदा खचतील अशी माणसं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं त्यात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं निघालं. म्हणजे गोळ्यांच्या पिशवीत सापडलेली माणसं थोडी, बाकीची तशीच फिरतायत. ती शोधायला काय बघायचं:

मागच्या पुरात किंवा दरडीत ज्याचं माणूस गेलं, किंवा जो स्वतः छतावर अडकून पडला होता. याच्याशी बोलताना विचारा, पावसाळा आला की झोप लागते का? कोयना धरणातून विसर्ग वाढवला असा मेसेज आला की काय होतं? बरीच माणसं सांगतात की पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की छातीत धडधडतं, रात्री उठून तीन-तीनदा बॅटरी घेऊन पाणी बघून येतात. थोडं असं होणं साहजिक आहे, हुशारीच आहे ती एका अर्थानं. पण पावसात कामावरच जात नाही, पोरांना शाळेला सोडत नाही, जेवण जात नाही, असं असेल तर खूण करा. किल्लारीच्या भूकंपात १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे दगड-मातीची माळवदं झोपेतल्या माणसांवर पडली, त्यानंतर त्या भागात कितीतरी माणसं धडक्या घरात पण आत झोपायला तयार नव्हती.

एकटी माणसं. पोरं पुण्या-मुंबईला आणि म्हातारा-म्हातारी गावाकडं, हे तर आता घरोघरी झालंय. इथं एकच प्रश्न पुरतो: "रात्री दोन वाजता पाणी आलं तर कोण येईल तुम्हाला न्यायला, नाव सांगा." नाव पटकन आलं तर ठीक. "येईल की कोणतरी", "देव आहे" असं उत्तर आलं तर खूण. माझ्या मते आपल्या या सगळ्या पाहणीतला हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, बाकीचं विसरलात तरी हा विसरू नका.

बाळंतीण आणि गरोदर बाई. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आधीच लोकांच्या लक्षात येत नाही, त्यात माहेराहून रस्ता बंद.

पैशानं अडकलेली माणसं. इथं कागद नीट समजून घ्या कारण नुकसान सगळ्यांचं होतं पण भरपाई सगळ्यांना मिळत नाही. सातबारा सासऱ्याच्या नावावर आणि शेत करते विधवा सून, दुसऱ्याची जमीन वाट्यानं किंवा खंडानं करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, टपरीवाला, मजूर, यांचं नाव पंचनाम्यात सहज सुटतं. वर सोसायटीचं कर्ज, सोनं गहाण, आणि बचत गटाचा किंवा फायनान्सचा आठवड्याचा हप्ता, तो हप्ता पूर आला म्हणून थांबत नाही. आडसाली ऊस आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिला की शेंड्यात पाणी जाऊन कुजतो, आणि त्या उसाच्या भरवशावर पोरीचं लग्न धरलेलं असतं. ज्या घरात घर नदीकाठी, कर्ज डोक्यावर आणि कागद दुसऱ्याच्या नावावर, तीन्ही एकदम, त्या घराला वहीत सगळ्यात वर घ्या.

आणि मदत करणारे स्वतः. बोटीवरची पोरं, आशाताई, ग्रामसेवक, तलाठी, स्मशानात काम करणारे. २०१९ ला ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली, अशा वेळी जे काठावर होते आणि ज्यांनी नंतर बाहेर काढलं, त्यांना कोण विचारतं? त्यांचे सत्कार होतात, फोटो निघतात, पण रात्री झोप लागते का हे कुणी विचारत नाही.

दोन प्रश्न, जे कुणीपण विचारू शकतं

डॉक्टर व्हायची गरज नाही. जगभर वापरतात असे दोन प्रश्न आहेत, गेल्या पंधरा दिवसांबद्दल विचारायचे. एक, "कशातच मन लागत नाही, काही करावंसं वाटत नाही, असं किती दिवस झालं?" दोन, "उदास, निराश, आता काही चांगलं होणार नाही, असं किती दिवस वाटलं?" प्रत्येकाला गुण: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्यापेक्षा जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढं डॉक्टरांकडं न्यायला पाहिजे. याचा अर्थ डिप्रेशन आहेच असा नाही, नीट तपासायला पाहिजे एवढाच.

पण गावाकडं माणूस "मी उदास आहे" असं म्हणत नाही हो. तो म्हणतो डोकं जड आहे, अंग मोडून येतंय, पोटात गोळा येतो, भूकच नाही, हातापायाला मुंग्या येतात. तीन-तीन दवाखाने फिरतो, सलाईन लावून घेतो, रिपोर्ट नॉर्मल. बायका म्हणतात "जीव घाबरा होतो". पुरुष चिडतात, पारावर येणं बंद करतात, पिणं वाढतं. पोरं अंथरुणात मुततात, आईला सोडत नाहीत, शाळेत गप्प बसतात. म्हणून "टेन्शन आहे का" विचारण्यापेक्षा झोप, भूक, कामात लक्ष, आणि माणसांत मिसळणं, या चार गोष्टी विचारा, सगळं त्यात येतं.

"मी आता भुईला भार आहे", "माझ्या मागं पोरांचं तेवढं बघा", अचानक देणीघेणी मिटवत सुटणं, सगळ्यांच्या गाठीभेटी घेत फिरणं, असं काही कानावर आलं तर मात्र सरळ विचारायचं, "मरायचा विचार मनात येतो का?" विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायचं (हे एवढंसं काम खरंच जीव वाचवतं), आणि त्याच दिवशी दवाखाना.

वहीत मांडायचं कसं

मी सरकारी फॉर्मच्या विरोधात नाही पण चाळीस रकाने असले की कुणी भरत नाही. पाच रकाने पुरतात: घर, शरीर, मन, पैसा, आणि "न्यायला कोण". जिथं अडचण आहे तिथं फुली. एका फुलीचं घर लक्षात ठेवायचं, दोन फुल्यांच्या घराला एक माणूस नेमून द्यायचा, नावानिशी, आणि तीन किंवा जास्त फुल्यांचं घर इशारा पातळीलाच हलवायचं, धोका पातळीची वाट बघायची नाही. हे माझं गणित आहे, तुमच्या गावाला बसेल तसं बदला. शेवटच्या रकान्यात फुली असेल तर ती एकटीच दोन फुल्यांएवढी धरा.

नेमलेला माणूस म्हणजे नेता नको, शेजारी पाहिजे. शक्यतो त्या घराचा ज्याच्यावर विश्वास आहे असा, आणि त्या घराला आधी विचारून. ज्या पोराला गर्दी सहन होत नाही त्याच्यासाठी शाळेच्या हॉलऐवजी पाहुण्यांचं घर किंवा शाळेतलीच कोपऱ्यातली एक खोली आत्ताच ठरवून ठेवा, म्हणजे त्या आईला नाही म्हणायचं कारण राहत नाही. गोठ्यातल्या म्हशींचं पण आत्ताच ठरवा, वैरणीसकट. जनावरं हलली की माणूस हलतो, हा आमच्याकडचा अनुभव सगळ्यांचाच आहे.

आणि ही वही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. अजिबात नाही. मन या रकान्यात काय लिहिलंय ते दोघा-तिघांपलीकडं जाता कामा नये, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पेशंटला त्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि कायदा सोडा, उद्या त्याच्या बहिणीचं लग्न ठरताना हे कुणी बाहेर काढलं तर ती यादी आपणच केलेली असते. बोटीवाल्याला नुसतं एवढं कळलं पाहिजे की या घरी आधी जायचं, का ते कळायची गरज नाही.

पाणी आल्यावर आणि गेल्यावर कधी काय बघायचं

पहिला आठवडा सगळेच हादरलेले असतात, रडणं, झोप न लागणं, तेच तेच सांगणं, कुणी एकदम दगडासारखं गप्प. हे आजारपण नाही, यातले बहुतेक लोक घर साफ झालं, चूल पेटली, आपली माणसं भेटली की हळूहळू सावरतात. या दिवसात तीन कामं: बघायचं (कोण जखमी, कोण एकटं, कुणाची औषधं गेली), ऐकायचं (स्वतःहून बोलला तर, खोदून खोदून "काय काय झालं सांगा" करायचं नाही, आणि कॅमेरा घेऊन तर मुळीच नाही), आणि जोडून द्यायचं, म्हणजे घरच्यांशी, दवाखान्याशी, पंचनाम्याच्या माणसाशी. "रडू नका", "दुसऱ्यांचं तर सगळंच गेलं, तुमचं निदान घर तरी आहे", "देवाची इच्छा" ही वाक्यं टाळा. चहा द्या आणि शेजारी बसा, तेवढं पुरतं.

लगेच पाठवायची माणसं कोण? मरणाची भाषा करणारा, दोन दिवस काही न खाणारा-पिणारा, भ्रमात बडबडणारा, फिट आलेला, स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला धावणारा. यात थांबायचं नाही.

झोप-भूक-काम दोन आठवड्यांनंतरही बिघडलेलंच असेल तर वरचे दोन प्रश्न विचारा आणि दवाखाना. महिना झाला तरी तेच पाणी डोळ्यासमोर येतंय, स्वप्नं पडतात, नदीकडं बघवत नाही, जरा आवाज झाला की दचकतो, तर मानसोपचारतज्ज्ञच पाहिजे.

पण माझ्या मते खरी वेळ असते ती तीन महिन्यांनंतरची. तोपर्यंत मदतीचे ट्रक गेलेले असतात, पुढारी गेलेले असतात, भिंतीला ओल तशीच असते, आणि बँकेची नोटीस आलेली असते, कारखान्याला गेलेल्या उसाचं टनेज निम्मं भरलेलं असतं. दिवाळी तोंडावर. नेमकं याच वेळी गावात कुणी कुणाला विचारत नाही कारण "पूर तर कधीच गेला". म्हणून तुमच्या वहीत तीन फुल्यांच्या घरांपुढं दिवाळीच्या आधीची एक फेरी आत्ताच लिहून ठेवा, आणि दुसरी पुढच्या वर्षी त्याच तारखेच्या आसपास, कारण वर्षश्राद्धाच्या दिवसांत जुनं सगळं परत वर येतं.

पाठवायचं कुठं

टेली मानस, १४४१६, केंद्र सरकारची फोन सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. फोन लावून त्या माणसाच्या हातात देण्यापेक्षा आधी स्वतः एकदा लावून बघा म्हणजे काय विचारतात ते कळतं आणि समोरच्याला सांगता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी येते, तो वार कुठला हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण यादीतल्या बहुतेक माणसांना तिथवर जायची गरज पडत नाही. आपत्तीसाठी जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, अॅम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप आहे, मराठवाडा-विदर्भातल्यांनी तरी मोबाईलमध्ये घालून घ्या, उघड्या रानात काम करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये असलं तर जास्त उपयोगाचं.

मांत्रिकाकडं जाणाऱ्याशी भांडत बसू नका. "तिकडं जायचं तर जा पण गोळी चुकवू नका" एवढं म्हटलं तरी माणूस दवाखान्यात टिकतो, भांडलात तर दोन्हीकडून जातो. मारहाण, साखळीनं बांधणं, उपाशी ठेवणं असलं काही चालू असेल तर ते वेगळं, तिथं पोलीस.

वही दरवर्षी नवी करायची, जुन्यात खाडाखोड नको. वर्षभरात भाडेकरू बदलतात, कुणी वारतं, कुणाची सून बाळंत होऊन येते, कुणाचा पोरगा शहरातून नोकरी सोडून परत आलेला असतो आणि दिवसभर खोलीतच असतो. मागच्या वर्षी एक फुली होती तिथं यंदा तीन असतात, आणि काही घरांच्या फुल्या पुसल्या पण जातात, गोळ्यांनी बरं वाटलं, घर वर बांधलं, कर्ज फिटलं. नवी झाली की जुनी फाडून जाळून टाका, कपाटात ठेवू नका, आणि नव्या वहीची एकच कॉपी, ती पण अशा घरी जे घर स्वतः पूररेषेच्या वर आहे.